एकाच कामात बचतही आणि वाढही: बांधकाम क्षेत्राची कामगिरी मोजायची कशी

समजा, एका नगरपरिषदेनं शाळेच्या नव्या खोल्यांचं काम काढलं. दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक झालं 1 कोटीचं. निविदा 22 टक्के कमी दरानं आली, म्हणजे करार झाला 78 लाखांचा. काम संपल्यावर अंतिम देयक निघालं 88 लाखांचं. हे काम स्वस्तात झालं की महागात? अंदाजपत्रकाशी ताडून पाहिलं तर 12 लाख वाचले. कराराशी ताडलं तर 10 लाख, म्हणजे जवळजवळ 13 टक्के जादा गेले.

मुदतीचंही तसंच. कार्यारंभ आदेशात 9 महिने लिहिलेले, प्रत्यक्षात लागले 14. पण मधल्या 5 महिन्यांची मुदतवाढ दंडाशिवाय मंजूर झाली असेल, तर फायलीत हे काम ‘मुदतीत पूर्ण’ म्हणून जातं.

यातला एकही आकडा खोटा नाही. प्रत्येक आकड्यामागचा पाया तेवढा वेगळा आहे. प्रशासकीय मान्यतेची रक्कम, तांत्रिक मान्यतेची रक्कम, कराराची रक्कम आणि सुधारित मान्यतेची रक्कम असे चार पाये एकाच फायलीत असतात, आणि अहवाल लिहिणारा त्यातला सोयीचा उचलू शकतो. म्हणून बांधकामाचा कुठलाही टक्का वाचताना आधी विचारावं: हा टक्का कशावर काढलाय, आणि तो पाया कोणत्या तारखेचा आहे? पुढचं सगळं विवेचन याच प्रश्नाभोवती आहे.

देशभराचं बांधकाम मोजतात तरी कसं?

कारखान्याचं उत्पादन मोजणं त्या मानानं सोपं. फाटक असतं, नोंदवही असते, माल मोजून बाहेर पडतो. बांधकामाला फाटक नसतं. त्यातही भारतासारख्या देशात मोठा हिस्सा कुठल्याच नोंदीत नसतो. गावातला माणूस ओळखीच्या गवंड्याला चौरस फुटाच्या दरानं मजुरी ठरवून देतो, वाळू ब्रासवर घेतो, सिमेंट गरजेप्रमाणे पाच-दहा गोण्या आणतो आणि दोन-तीन वर्षांत घर पुरं करतो. निविदा नाही, करार नाही, पूर्णत्वाचा दाखला नाही.

यावर राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं काढलेला मार्ग हुशारीचा आहे. घरं मोजता येत नाहीत, पण घरांत जाणारा माल मोजता येतो. सिमेंट, लोखंड, विटा आणि कौलं, इमारती लाकूड, फिटिंग्ज या मालाचं उत्पादन आणि आयात किती, त्यातला बांधकामात किती गेला, यावरून पक्क्या बांधकामाचं एकूण मूल्य अंदाजतात. सिमेंट थोड्याच मोठ्या कारखान्यांत तयार होतं, त्यामुळे त्याचा आकडा भरवशाचा असतो. म्हणजे गोणी कुणाच्या अंगणात गेली हे कळत नाही, पण ती कुठेतरी रचली गेली हे कळतं. माती, बांबू, गवताच्या कच्च्या बांधकामाचा अंदाज मात्र घरगुती सर्वेक्षणं आणि सरकारी खर्चाच्या हिशेबांवरून काढावा लागतो.

अडचण अशी की ही पद्धत कार्यक्षमता दाखवूच शकत नाही. स्लॅब हिशेबापेक्षा एक सेंटिमीटर जाड पडला, तर सिमेंट जास्त लागतं आणि त्या जादा गोण्या देशाच्या आकडेवारीत ‘जास्त बांधकाम’ म्हणून मोजल्या जातात. उलट एखाद्या अभियंत्यानं चांगलं डिझाइन करून तीच इमारत 10 टक्के कमी लोखंडात उभी केली, तर आकडा खाली येतो. म्हणून ‘बांधकाम क्षेत्राची वाढ इतके टक्के’ अशी बातमी आली की तिचा अर्थ माल आणि मूल्य वाढलं एवढाच घ्यावा. काम जास्त चांगलं, लवकर किंवा स्वस्तात झालं का, याचं उत्तर तिच्यात नसतं.

सिमेंट-लोखंडाचे मासिक आकडे वाचताना आणखी एक पथ्य. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पावसाचे, काम मंदावलेलं असतं. ऑक्टोबरची तुलना सप्टेंबरशी केली तर दर वर्षी ‘उसळी’ दिसेल. तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करायची. शिवाय कारखान्यातून निघालेला माल दुकानदाराच्या गोदामातही पडून असू शकतो, त्यामुळे एका महिन्यावरून निष्कर्ष काढू नये. तीन महिन्यांची सरासरी बरी.

उत्पादकतेचा ढोबळ अंदाज मात्र दोन आकड्यांतून मिळतो. देशाच्या एकूण मूल्यवर्धनात बांधकामाचा वाटा साधारण 8 ते 9 टक्के आहे. अधिकृत श्रमबल सर्वेक्षणाप्रमाणे कामावर असलेल्या दर शंभर माणसांतली 12 ते 13 बांधकामात आहेत. भागाकार केला तर दिसतं की बांधकामातला माणूस देशाच्या सरासरीच्या सुमारे दोन तृतीयांश मूल्य निर्माण करतो. याचा अर्थ तो कमी राबतो असा मुळीच नाही. त्याच्या हातात यंत्र कमी, कामाचे दिवस तुटक, आणि एका कंत्राटाखाली तीन-चार पोटकंत्राटदारांची उतरंड असते. या उतरंडीत मुकादमाकडची हजेरी वरपर्यंत पोचतेच असं नाही, म्हणून हा भागाकार ढोबळच मानायचा.

पडताळणीसाठी कमी वापरला जाणारा एक कागद म्हणजे उपकराचा हिशेब. 1996 च्या कायद्यानं बांधकाम खर्चाच्या 1 टक्का उपकर कामगार कल्याणासाठी लागू झाला. एखाद्या जिल्ह्यात वर्षात 50 लाखांचा उपकर जमा झाला, तर त्यामागे निदान 50 कोटींचं बांधकाम आहे. ‘निदान’ हा शब्द महत्त्वाचा, कारण स्वतःसाठी बांधलेलं ठरावीक खर्चाच्या आतलं घर यातून वगळलेलं असतं आणि चुकवेगिरीही असते. पण परवानग्यांच्या आकड्यावरून जिल्ह्यात 200 कोटींचं काम दिसत असेल आणि उपकर 50 लाखांचाच असेल, तर तपासायला कुठून सुरुवात करायची ते कळतं.

मोठ्या प्रकल्पांचे अहवाल वाचताना

150 कोटी आणि त्यावरच्या केंद्रीय प्रकल्पांवर सांख्यिकी मंत्रालय लक्ष ठेवतं. डिसेंबर 2023 च्या अहवालात असे 1,820 प्रकल्प होते. त्यांतल्या 431 चा खर्च वाढलेला आणि 848 रेंगाळलेले. एकूण वाढ सुमारे 4.82 लाख कोटींची, मूळ खर्चाच्या 18.65 टक्के. रेंगाळलेल्या प्रकल्पांचा सरासरी उशीर सुमारे 36.6 महिने.

हे आकडे वर्तमानपत्रांत एका दमात छापले जातात, पण त्यांचे छेद वेगवेगळे आहेत. 18.65 टक्के ही वाढ सर्व 1,820 प्रकल्पांच्या मूळ खर्चावर काढलेली आहे. म्हणजे ज्यांचा खर्च वाढला, फक्त त्यांच्यापुरतं पाहिलं तर टक्का याहून बराच मोठा निघेल. उलट 36.6 महिने ही सरासरी फक्त रेंगाळलेल्या 848 प्रकल्पांची. सगळ्यांची सरासरी काढली तर ती खाली येईल. आणि या 848 मध्येही 202 प्रकल्प वर्षभराच्या आत उशीर असलेले, तर सव्वाशेच्या आसपास पाच वर्षांहून जास्त. अशा पसरट आकड्यांत सरासरी फसवते. मधला आकडा, म्हणजे सगळे प्रकल्प उशिराच्या क्रमानं लावल्यावर बरोबर मध्यभागी येणारा, जास्त खरं सांगतो.

याहून बारीक आणि बहुतेकांच्या नजरेतून निसटणारी गोष्ट पुढे आहे. यादी चालू प्रकल्पांची असते. वेळेत झालेलं काम यादीतून बाहेर पडतं, अडकलेलं काम वर्षानुवर्षं तिथेच राहतं. दवाखान्याच्या वॉर्डात एखाद्या दिवशी जाऊन पाहिलं तर जुनाट दुखणी जास्त दिसतात, कारण ताप उतरलेले घरी गेलेले असतात. तसंच हे. चालू प्रकल्पांच्या यादीवरून काढलेला सरासरी उशीर हा त्या खात्याच्या नेहमीच्या कामापेक्षा वाईटच दिसणार. खरं मोजायचं तर एका वर्षात सुरू झालेली सगळी कामं एक तुकडी म्हणून धरायची आणि ती तुकडी संपेपर्यंत तिचा माग ठेवायचा. ‘अमुक वर्षी सुरू झालेल्या 60 कामांपैकी 3 वर्षांत 38 पुरी झाली’ हे वाक्य शंभर टक्केवाऱ्यांहून उपयोगी आहे.

अहवालात उशीर मूळ तारखेपासून धरलाय की सुधारित तारखेपासून, हेही पाहायचं. सुधारित तारीख पाया धरली की रेंगाळलेल्यांची संख्या एकदम घटते.

महागाई वेगळी काढल्याशिवाय खर्चवाढ कळत नाही

भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्द प्रकल्पाला 1983 मध्ये प्रशासकीय मान्यता मिळाली ती सुमारे 372 कोटींची. पुढच्या सुधारित मान्यतांमध्ये हाच आकडा 18 हजार कोटींच्या पुढे गेला. 372 चे 18 हजार, म्हणजे जवळपास 50 पट. हा आकडा पाहून कुणीही संतापेल. पण मोजणाऱ्यानं आधी महागाई बाजूला काढली पाहिजे. समजण्यापुरती वर्षाला 7 टक्के महागाई धरू. 30 वर्षांत किमती साधारण साडेसात पट होतात, 35 वर्षांत पावणेअकरा पट. म्हणजे फक्त महागाईनं 372 चे पावणेतीन ते चार हजार कोटी झाले असते. उरलेल्या वाढीचं उत्तर दुसरीकडे शोधायचं: कामाची व्याप्ती बदलली का, भूसंपादन आणि पुनर्वसनाचा खर्च सुरुवातीला किती धरला होता, सर्वेक्षण अपुरं होतं का. आणि महागाईचा हिस्साही निर्दोष समजू नये. काम दहा वर्षांत झालं असतं, तर पुढच्या वीस-पंचवीस वर्षांची महागाई त्याला लागलीच नसती. महागाईमुळे झालेली वाढ आणि उशिरामुळे सोसावी लागलेली महागाई, हे दोन रकाने वेगळे हवेत.

वेळेची किंमत सर्वांत उघड दिसते ती वांद्रे-वरळी सागरी सेतूत. मूळ अंदाज 660 कोटींचा. न्यायालयीन खटले, रचनेतले बदल यांतून काम सुमारे 5 वर्षं लांबलं, 30 जून 2009 ला पूल खुला झाला आणि खर्च 1,600 कोटींवर गेला. त्यात वाढीव व्याजाचा भारच 700 कोटींच्या घरात होता. म्हणजे झालेल्या 940 कोटींच्या वाढीतला बराच मोठा भाग व्याजाचा. म्हणून ‘खर्च’ आणि ‘वेळ’ हे दोन स्वतंत्र निर्देशक आहेत असं समजून त्यांना वेगवेगळे गुण देणं चुकीचं ठरतं.

साइटवर काय मोजायचं

चालू कामाचा ताळा घ्यायची जगभर रूढ असलेली पद्धत तीन आकड्यांवर चालते. 2 कोटींचं, 12 महिन्यांचं काम घ्या. सहाव्या महिन्याअखेर वेळापत्रकाप्रमाणे 1 कोटीचं काम व्हायला हवं होतं. मोजलं तर कराराच्या दरानं 80 लाखांचं झालंय. आणि कंत्राटदाराचा प्रत्यक्ष खर्च झालाय 90 लाख. (नफा बाजूला ठेवून बोलतोय.) 80 भागिले 100, म्हणजे वेळेचा निर्देशांक 0.80. 80 भागिले 90, म्हणजे खर्चाचा 0.89. दोन्ही 1 च्या खाली, म्हणजे काम मागेही आणि महागही. याच गतीनं गेलं तर 2 कोटींचं काम 2 कोटी 25 लाखांना पडेल, हे अर्ध्या वाटेवरच कळतं.

आता सरकारी खात्यांत ही पद्धत जशीच्या तशी उचलली की काय होतं ते पाहा. बाबनिहाय दरांच्या करारात खातं झालेल्या कामाचंच बिल देतं. एमबीत, म्हणजे साइटवरच्या मोजमाप पुस्तकात, जेवढं नोंदवलं तेवढंच देयक. त्यामुळे खात्याच्या बाजूनं ‘झालेल्या कामाचं मूल्य’ आणि ‘खर्च’ एकच असतात आणि खर्चाचा निर्देशांक कायम 1 येतो. पडद्यावर सगळं हिरवं दिसतं. खात्यानं पाहायचं ते दुसरंच: कोणत्या बाबीचं परिमाण निविदेपेक्षा किती वाढलं, आणि निविदेत नसलेल्या जादा बाबी किती रुपयांच्या घातल्या. पायाखुदाईत कठीण खडकाचं परिमाण अंदाजाच्या दुप्पट निघणं, हे आपल्याकडचं नेहमीचं दुखणं. बहुतेक वेळा त्याचं मूळ कंत्राटदारात नसतं. चाचणी-खड्डे न घेता तयार केलेल्या अंदाजपत्रकात असतं.

‘आर्थिक प्रगती 60 टक्के’ आणि ‘भौतिक प्रगती 60 टक्के’ यांतही अंतर असतं. साइटवर आणून ठेवलेल्या लोखंडावर आगाऊ रक्कम दिली की आर्थिक आकडा पुढे पळतो. बिलं थकली की मागे राहतो. इमारतीत आणखी एक गोम आहे: सांगाडा उभा राहिला की पैशाच्या हिशेबानं निम्मं काम झालेलं दिसतं, पण प्लास्टर, फरशी, नळ, वीज, रंग यांत उरलेली बारीक कामं एकमेकांवर अवलंबून असतात आणि वेळ तिथेच जातो. भौतिक प्रगतीसाठी टप्प्यांना आधीच वजन ठरवून द्यावं आणि टप्पा पूर्ण झाल्याशिवाय त्याचे गुण देऊ नयेत. ‘प्लास्टर 90 टक्के’ असं तीन महिने सलग लिहिलेलं सापडतं ते याच ढिलाईमुळे.

माणसांची उत्पादकता मोजताना परिमाण भागिले हजेरी, इतकं साधं सूत्र पुरतं. वीटकामात एक गवंडी, बिगाऱ्याच्या मदतीनं, दिवसाला साधारण एक घनमीटर काम करतो. उंचीवर, कोपऱ्याकोपऱ्यांच्या भिंतीत, खिडक्या जास्त असल्या की कमी. आकडा घसरला की पहिला दोष गवंड्याला दिला जातो, आणि तो बहुधा चुकीचा असतो. कारण शोधायला साइटवर दिवसातून सहा-सात वेळा, ठरलेल्या नव्हे तर वेगवेगळ्या वेळी चक्कर मारायची आणि दिसेल त्या प्रत्येक माणसाची एकाच खुणेनं नोंद करायची: काम करतोय, कामाची तयारी करतोय, किंवा थांबलाय. सुमारे 384 नोंदी झाल्या की टक्केवारी 5 टक्क्यांच्या चुकीच्या आत येते. 20 माणसांच्या साइटवर तीन-चार दिवसांत एवढ्या नोंदी होतात. थांबलेल्यांपैकी किती जण माल, पाणी, मचाण किंवा नकाशाची वाट पाहत होते, हे शेजारी लिहिलं तर दोष कुणाचा ते आपोआप पुढे येतं.

मालाचा ताळा याहून सोपा आणि याहून दुर्लक्षित. 100 चौरस मीटरचा, 125 मिलिमीटर जाडीचा स्लॅब म्हणजे 12.5 घनमीटर काँक्रीट. सिमेंट, वाळू, खडीच्या 1:1.5:3 प्रमाणाला घनमीटरमागे सुमारे 8 गोण्या, म्हणजे 100 गोण्या. प्रत्यक्षात 112 गेल्या तर? 2-3 टक्के नासधूस समजू शकते, 12 नाही. सेंट्रिंग दबून स्लॅब सरासरी 10 मिलिमीटर जाड पडला असेल, तर एक घनमीटर जादा, म्हणजे 8 गोण्या तिथेच गेल्या. उरलेल्या गोण्यांचा हिशेब गोदामात शोधायचा: ओल लागून दगड झालेल्या, की बाहेर गेलेल्या. हाच ताळा प्रत्येक स्लॅबनंतर काढला तर चूक पुढच्या स्लॅबला सुधारते. इमारत संपल्यावर काढला तर नुसता पंचनामा होतो.

गुणवत्तेसाठी क्यूबचं, म्हणजे दाबून ताकद तपासायच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचं, रजिस्टर हातात असतंच. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस 456, त्याप्रमाणे 31 ते 50 घनमीटर काँक्रीटला 4 नमुने, प्रत्येक नमुन्यात 150 मिलिमीटरचे 3 क्यूब, तपासणी 28 व्या दिवशी. म्हणजे 40 घनमीटरच्या ओतकामाला 12 क्यूब. पास-नापास हा निकाल तर हवाच, पण कामगिरी कळते ती आकड्यांच्या फैलावातून. एम25, म्हणजे चौरस मिलिमीटरला 25 न्यूटन ताकदीच्या काँक्रीटला प्रमाण विचलन (आकड्यांच्या फैलावाचं माप) 4 धरून मिश्रणाचं लक्ष्य 25 अधिक 1.65 गुणिले 4, म्हणजे 31.6 येतं. विचलन कमी राखणारा कंत्राटदार कमी सिमेंटमध्ये तीच खात्री देऊ शकतो. मात्र विचलन जवळजवळ शून्य असेल, महिनोनमहिने 31.2, 31.4, 31.3 असेच आकडे येत असतील, तर शाबासकी देण्याआधी प्रयोगशाळेत जाऊन यंत्राची नोंद पाहावी. हातानं मिसळलेल्या, उन्हापावसात ओतलेल्या काँक्रीटचे आकडे इतके सारखे येत नाहीत. ते टेबलावर लिहिले असल्याची शक्यता जास्त.

सुरक्षिततेचं मोजमाप सर्वांत कच्चं आहे, आणि माणसांचा जीव तिथेच जातो. पद्धत आयएस 3786 मध्ये आहे: कामाचा दिवस बुडवणाऱ्या दुखापती गुणिले 10 लाख, भागिले एकूण कामाचे तास. 200 कामगार, 8 तास, 300 दिवस म्हणजे 4,80,000 तास. त्यात 3 दुखापती झाल्या तर दर 6.25. तीव्रता मोजताना एका मृत्यूचे 6,000 दिवस बुडाले असं धरतात. आपल्याकडे घोळ दोन ठिकाणी होतो. पोटकंत्राटदाराच्या माणसांचे तास धरले जातात, त्यांच्या दुखापती नाहीत, मग दर छान दिसतो. आणि जखमी मजुराला पैसे देऊन गावी पाठवलं की ती दुखापत नोंदलीच जात नाही. ज्या साइटवर वर्षभरात किरकोळ खरचटल्याचीही नोंद नाही, ती सुरक्षित समजण्याऐवजी आधी तिथल्या नोंदवहीवर संशय घ्यावा. दुखापतींची नोंद वाढणं हे पहिल्या वर्षी सुधारणेचं लक्षण असतं. त्यासाठी कुणाला दंड केला तर पुढच्या वर्षी वही कोरी मिळेल.

घर घेणाऱ्याच्या हातातलं मोजमाप

खासगी गृहप्रकल्पांत रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्यानं चांगला पाया घालून दिला. महाराष्ट्रात तो 1 मे 2017 पासून लागू झाला. ठरावीक मर्यादेहून मोठ्या प्रकल्पाला नोंदणी, ग्राहकांच्या पैशांतले 70 टक्के वेगळ्या खात्यात, आणि त्यातून पैसे काढायचे ते झालेल्या कामाच्या प्रमाणात, वास्तुविशारद, अभियंता आणि सीए यांच्या दाखल्यांवर. या कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाच्या, महारेराच्या, संकेतस्थळावर वास्तुविशारदाच्या दाखल्यात खोदाई, जोते, स्लॅब, भिंती, फरशी असे टप्पे टक्क्यांत दिसतात. प्रकल्पाची मूळ पूर्णत्वाची तारीख आणि सुधारित तारीख दोन्ही शोधाव्यात. उशीर मोजायचा तो मूळ तारखेपासून. आणि लागोपाठच्या तिमाहीतले दाखले शेजारी ठेवून पाहावेत: मागच्या चार तिमाहीत टक्का किती सरकला, त्यावरून उरलेलं काम कधी संपेल याचा अंदाज घरबसल्या काढता येतो.

पैसे हातात पडायला किती दिवस

कंत्राटदाराची कामगिरी मोजणारे अहवाल मालकाची कामगिरी क्वचित मोजतात. हा मोठा दोष आहे. दक्षिण आफ्रिकेत 2000 च्या कायद्यानं स्थापन झालेलं बांधकाम उद्योग विकास मंडळ आपल्या सर्वेक्षणात कंत्राटदारांना पैसे किती दिवसांत मिळाले हेही विचारतं. ते योग्यच आहे. 50 लाखांचं देयक 6 महिने थकलं आणि कंत्राटदारानं 12 टक्के व्याजानं पैसे उचलले, तर 3 लाख व्याजात गेले. 10 टक्के नफा धरला असेल तर 5 लाखांतले 3 संपले. मग तो माणसं कमी करतो, दुसऱ्या साइटवर यंत्र हलवतो, दर्जात हात आखडता घेतो. बाहेरून हे ‘कंत्राटदाराची दिरंगाई’ म्हणून दिसतं. एमबीत नोंद झाल्याच्या तारखेपासून पैसे खात्यात जमा होईपर्यंतचे दिवस, हा रकाना प्रत्येक मोजमापात असलाच पाहिजे.

एखाद्या नगरपरिषदेला किंवा उपविभागाला करायचं असेल तर

नवं सॉफ्टवेअर लागत नाही. मागच्या तीन वर्षांत पूर्ण झालेली किंवा मध्येच बंद पडलेली 30 कामं घ्यावीत, निवडून नव्हे तर कार्यारंभ आदेशाच्या क्रमानं ओळीनं. सोयीची कामं उचलली की पुढचं सगळं व्यर्थ. अपुरी सोडलेली आणि करार रद्द झालेली कामं वगळू नयेत, त्यांची वेगळी खूण करावी.

प्रत्येक कामाची एक ओळ. तिच्यात अंदाजपत्रकी रक्कम, कराराची रक्कम, अंतिम देयक, जादा बाबींची रक्कम, कार्यारंभ आदेशाची तारीख, जागा प्रत्यक्ष ताब्यात दिल्याची तारीख, करारातली मुदत, काम खरोखर संपल्याची तारीख, मुदतवाढीचं कारण, देयकांना लागलेले दिवस, आणि दोष दायित्व कालावधीत, म्हणजे काम संपल्यावर कंत्राटदारानं स्वखर्चानं दोष दुरुस्त करायच्या मुदतीत, किती वेळा दुरुस्ती करावी लागली ते. जागा ताब्यात दिल्याची तारीख बऱ्याच फायलींत नसते. झाडं, अतिक्रमण, विजेचे खांब हलवायचे राहिलेले असतात आणि कंत्राटदार रिकाम्या हातानं बसलेला असतो. ती तारीख शाखा अभियंत्याच्या भेटीच्या नोंदींतून, पहिल्या खोदाईच्या मोजमापातून काढावी.

मग तीन गुणोत्तरं: अंतिम देयक भागिले करार, लागलेला वेळ भागिले मूळ मुदत, जादा बाबी भागिले अंतिम देयक. रस्त्यांची तुलना रस्त्यांशी आणि इमारतींची इमारतींशीच करायची. 30 पैकी 18 रस्ते आणि 12 इमारती निघाल्या तर दोन वेगळे तक्ते. सरासरीऐवजी मधला आकडा. आणि फार कमी दरानं घेतलेल्या निविदा वेगळ्या काढून पाहाव्यात: 20 टक्क्यांहून कमी दराच्या कामांत जादा बाबी आणि दुरुस्त्या जास्त निघतात का, याचं उत्तर प्रत्येक कार्यालयाला आपल्याच कागदांत सापडेल.

मुदतवाढीची कारणं ‘अपरिहार्य कारणास्तव’ अशी लिहिलेली असतील, तर ती तशीच मोजून उपयोग नाही. जागा, निधी, नकाशा किंवा संकल्पचित्र, पाऊस, माल-मजूर, आणि कंत्राटदार असे सहा रकाने करून प्रत्येक दिवस यातल्या एकात टाकायचा. पावसाळ्याचे दिवस करारात आधीच धरलेले असतील तर ते पुन्हा पावसात टाकू नयेत. जिथे कारण ठरवता येत नाही ते ‘अज्ञात’ म्हणूनच ठेवावं, अंदाजानं कंत्राटदाराच्या रकान्यात ढकलू नये.

पहिल्या वर्षी या तक्त्यावरून कुठल्याही कंत्राटदाराची किंवा अभियंत्याची क्रमवारी लावू नये. क्रमवारी लावली की दुसऱ्या वर्षी मुदत आधीच 9 ऐवजी 14 महिने लिहिली जाते, अंदाजपत्रकं फुगतात, आणि सगळी कामं वेळेत अन् खर्चात बसलेली दिसतात. पहिल्या वर्षाचा उपयोग एवढाच: 30 ओळींतले किती रकाने रिकामे राहिले ते मोजायचं, आणि पुढच्या वर्षीच्या कामांत त्या तारखा काम चालू असतानाच नोंदवायच्या.